कॉकल पॉइंटचा रस्ता

एप्रिलची सुट्टी लागली त्या दिवशी माझ्या थोरलीने वर्गात सांगून टाकलं की आम्ही बालीला चाललोय. मला हे कळलं ते दुकानात, बटाटे निवडताना. तिच्या वर्गातल्या टारिनची आई, जोडी नाव तिचं, ढकलगाडी घेऊन आली आणि म्हणाली, "मजा आहे बाई तुमची. बाली म्हणजे काय. आम्ही आपले इथेच कुठेतरी."

मी हातातला बटाटा खाली ठेवला. कीली शेजारीच उभी होती. बारा वर्षांची पोर, कानापर्यंत लाल झालेली.

"हो ना," मी म्हणाले, "आणि अजून एक बॅग भरलेली नाही माझी."

गाडीत दोन चौक जाईपर्यंत ती पट्ट्याशी चाळा करत होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सर एकेकाला उभं करून विचारत होते. कोणी गोल्ड कोस्टला, कोणी फिजीला, एकीचा तर जहाजाचा प्रवास. मी काय सांगणार होते, मम? की आम्ही पोर्ट हॅलममध्ये राहतो आणि सुट्टीला पोर्ट हॅलमलाच जातो?"

खरं तर तिला रागवायला हवं होतं. पण राग आला तो भलत्याच गोष्टीचा. या वयाच्या पोरीला आपल्या गावाचं नाव घ्यायची लाज वाटावी, आणि तीही शाळेतल्या एका साध्या प्रश्नाने, याचा. मी गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. मुलींचे वडील पर्थला असतात. वाढदिवसाला त्यांचा फोन येतो, त्यापलीकडे त्यांचा विषय नको. मला सुट्टीतला एक आठवडा रजा मिळाली होती आणि बाली तर सोडाच, ॲडलेडला दोन रात्री राहायचं म्हटलं तरी मला तीनदा विचार करावा लागला असता.

"ऐक," मी म्हणाले, "सात दिवस आहेत. सातही दिवस बाहेर जायचं. एकही दिवस घरात नाही. आणि अर्ध्या तासापेक्षा लांब कुठेही नाही."

"शिक्षा आहे का ही?"

"असंच समज."

धाकटी बॉनी सात वर्षांची. तिने मागून विचारलं, "पॉप येणार?" पॉप म्हणजे माझे वडील, माझा डॅड, मर्व्ह नॉस्की. चौऱ्याहत्तर वर्षांचे, एक गुडघा कामातून गेलेला, जीभ मात्र शाबूत.

सोमवारी आम्ही धक्क्यावर गेलो. हातगळ, पाव, बादली. बॉनीने अकरा मासे काढले, बोटभर लांबीचे, आणि प्रत्येकाला नाव देऊन परत सोडून दिले. मंगळवारी दुकानामागून पुठ्ठ्याची खोकी उचलली आणि उत्तरेच्या वाळूच्या टेकड्यांवरून घसरत बसलो. तिसऱ्या घसरगुंडीला मी स्वतः तोंडावर आपटले, नाकातोंडात वाळू गेली, आणि कीली हसली. लगेच तिला आठवलं की आपण रुसलेलो आहोत. पण हसली होती, मी बघितलं होतं.

बुधवारी कॉकल पॉइंट, डॅडलाही घेऊन.

कॉकल पॉइंटला ओहोटीला पाणी अर्धा किलोमीटर मागे हटतं. घोट्याएवढ्या, फार तर गुडघ्याएवढ्या पाण्यात दाताळं ओढत चालायचं. दाते वाळूत खडखडले की समजायचं, खाली निळा खेकडा बसलाय. मोठा असेल तर टबात, लहान असेल किंवा पोटाखाली अंड्यांचा गुच्छ असेल तर परत पाण्यात. टब दोरीने कमरेला बांधलेला, आपल्यामागे कुत्र्यासारखा तरंगत येतो. मी चार वर्षांची असल्यापासून हे करतेय. डॅडही त्याच्या बापाबरोबर करत होता. खाली जाणाऱ्या रस्त्यावर पांढरे शिंपले पसरलेत, ते माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी घोडागाडीने आणून टाकलेले.

त्या रस्त्यावर गेट होतं.

पांढऱ्या रंगाचं, नवंकोरं, आकडे दाबून उघडणाऱ्या कुलपाचं. पाटीवर लिहिलेलं: 'पेलिकन कोव्ह हॉलिडे पार्क. फक्त पाहुण्यांसाठी.' मागच्या उन्हाळ्यात तिथे लाकडी खोल्या बांधताना आम्ही बघितल्या होत्या. रस्त्याचं काही होईल असं डोक्यातच आलं नव्हतं.

मी हॉर्न दिला. आतून विजेवरची छोटी उघडी गाडी आली. तिच्यातून उतरलेल्या माणसाच्या सदऱ्यावर पेलिकन होता आणि खाली नाव, हॅस्केट. माणूस वाईट नव्हता. हसून बोलत होता.

"काय मदत करू?"

"खाली जायचंय. ओहोटी लागलीये."

"मॅडम, हा आता पार्कचा रस्ता आहे. पण बाहेरच्यांसाठी दिवसाचा पास आहे ना. कुटुंबाला साठ डॉलर. त्यात पोहण्याचा तलाव, ट्रॅम्पोलिन, सगळं आलं."

"आम्हाला ट्रॅम्पोलिन नकोय. समुद्र हवाय."

"पासात समुद्रही येतो."

डॅडने आपल्या बाजूची काच खाली केली. "ऐकलंस, नरेल? समुद्र पासात येतो. आणि वाऱ्याचं काय साहेब, तो वेगळा लावता?"

हॅस्केट हसला नाही. आणि तेवढ्यात मला त्या उघड्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेली मुलगी दिसली. टॉवेल गुंडाळलेली टारिन.

"कीली?" ती वाकून म्हणाली. "तू बालीला गेली नाहीस?"

कीली सीटवरून खाली सरकली, इतकी की आरशात मला तिचं फक्त कपाळ दिसत होतं. मी गाडी मागे घेतली. सोबत नेलेली फ्रिट्झची, म्हणजे थंड मांसाच्या चकत्यांची, सँडविच कोणी खाल्ली नाहीत.

घरी येऊन कीलीने खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी मी आत गेले तर म्हणाली, "आता सगळ्यांना कळणार. तुझ्यामुळे. घरात बसलो असतो तर कोणाला कळलं असतं?"

"म्हणजे दोन आठवडे पडदे लावून बसायचं? शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून?"

"हो."

ती खरंच तेवढं करायला तयार होती. मला त्या रात्री वाटलं, जाऊ दे. दुसरे किनारे आहेत. पण 'जाऊ दे' म्हणता म्हणता पुढचं दिसायला लागलं. पोर लाजेने पडदे लावणार, मी गेटसमोरून गाडी वळवणार, आणि दहा वर्षांनी बॉनी विचारेल की कॉकल पॉइंट कुठे होतं. नाही, म्हटलं. हे नाही व्हायचं.

गुरुवारी दोघी मुलींना घेऊन मी नगरपरिषदेच्या कचेरीत गेले. कीली यायला तयार नव्हती, पण घरी एकटीला ठेवणार नव्हते. खिडकीमागे ग्लेनिस होती. ग्लेनिस तिथे इतकी वर्षं आहे की कचेरी तिच्याभोवती बांधली असं डॅड म्हणतो. तिने सगळं ऐकून घेतलं, आत गेली, बऱ्याच वेळाने एक मोठी गुंडाळी घेऊन आली आणि टेबलावर पसरली. चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या: स्टेपलर, चहाचा कप, दोन रबरी शिक्के.

"इथे बघ. ही लाल रेघ. सार्वजनिक रस्ता, वरच्या हमरस्त्यापासून भरतीच्या खुणेपर्यंत. हा कधी बंद झालेलाच नाही. बंद करायचा तर राजपत्रात छापावं लागतं. छापलेलं नाही, मी आत्ताच पाहिलं."

"मग कुलूप काढायला लावा."

"पत्र जाईल त्यांना. मग त्यांचं उत्तर. मग समितीपुढे. सहा ते आठ आठवडे धर."

"ग्लेनिस, ओहोटी उद्या अकरा चाळीसला आहे."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग मुलींकडे. मग आवाज खाली आणला. "ओहोटीला पत्र लागत नाही. भरतीच्या खुणेखालची जमीन कोणाच्या बापाची नाही. बोटींच्या उतारावरून निघ आणि पाण्यातून चालत जा. टोकाला वळसा घातलास की झालं. समुद्राला गेट लावून दाखवावं म्हणावं त्यांनी." आणि नकाशाची प्रत काढून दिली. तिचे पैसे घेतले नाहीत.

बोटींच्या उतारापासून कॉकल पॉइंट दोन किलोमीटर, आणि सगळं चिखल-वाळूचं खाजण. मला आणि मुलींना काही नाही, पण डॅडचा गुडघा? मी त्याला घरी थांब म्हणाले.

"मी घरी थांबतो," तो म्हणाला, "आणि तुम्ही माझी दाताळी घेऊन जाता. वा."

शेवटी त्याची पत्र्याची होडी काढली. इंजिन कधीच विकलेलं. ओहोटीतही काठाकाठाने घोटाभर पाणी राहतं, तेवढ्यात ती तरंगते. डॅड टोपी घालून मधोमध बसला, मांडीवर दाताळी आणि जेवणाची बर्फपेटी, आणि मी दोरी खांद्यावर घेतली.

कीली गाडीतून उतरलीच नाही. "मी नाही येणार. सगळे बघतील."

"बघणारच. बस तू. दारं उघडी ठेव, ऊन लागेल. उतारावर कोळी आहेत, काही लागलं तर त्यांना सांग." मी विनवण्या केल्या नाहीत. बॉनी पुढे पाणी उडवत निघाली आणि तिच्यामागे मी, बैलासारखी. होडी वाळूला घासली की डॅड म्हणायचा, "जरा डावीकडे, रथ अडकला."

पाव किलोमीटर गेलो असू. मागून पाण्याचा आवाज आला. कीली, बूट हातात. तिने बूट होडीत टाकले आणि दोरीचा दुसरा पदर खांद्यावर घेतला. पुढे खूप दिवसांनी मी विचारलं, का आलीस? तर म्हणाली, "तू मागे वळून बघशील असं वाटलं होतं. तू बघितलंच नाहीस."

टोकाला वळसा घातला तेव्हा पेलिकन कोव्हच्या खोल्या समोर आल्या. सज्ज्यांत माणसं बसलेली. एकेक जण उठून कठड्याशी आला. दिसत काय होतं त्यांना? एक टोपीवाला म्हातारा समुद्रातून होडीत बसून येतोय, आणि होडी एक बाई आणि एक पोर ओढतायत, पुढे आणखी एक पोर. कीलीची मान खाली होती, पण दोरी ताठ होती.

आम्ही दाताळी काढली. पहिल्या दहा मिनिटांत बॉनीच्या दात्यांत खडखड झाली. मग मला, मग परत बॉनीला. अर्ध्या तासात टबाचा तळ दिसेनासा झाला. तेवढ्यात हॅस्केट पुळणीवर आला. बूट भिजू नयेत म्हणून कोरड्या वाळूच्या टोकाला थांबला.

"मॅडम, हा किनारा पाहुण्यांसाठी राखीव आहे."

"मी किनाऱ्यावर नाहीये. पाण्यात आहे."

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय."

"मला कळतंय. तुम्हाला हे कळतंय का बघा." मी नकाशाची प्रत कमरेच्या पिशवीतून काढून त्याच्याकडे गेले. पाणी गळत होतं, तरी त्याने ती घेतली, आणि वाचलीही. चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला हे आज पहिल्यांदा दिसतंय.

"हे वकिलांना दाखवावं लागेल," तो म्हणाला. "मला वरून सांगितलंय तेवढं मी करतो. इथे कोणाला इजा झाली तर विमा..."

"सत्तर वर्षांत एकदा मला खेकडा चावलाय," होडीतून डॅड म्हणाला. "विमा घेतला असता तर बरं झालं असतं."

सज्ज्यातून कोणीतरी हसलं. मग पायऱ्यांवरून मुलं उतरायला लागली. आधी दोन, मग पाच-सहा. त्यांच्यात टारिन. ती पाण्याच्या कडेला येऊन कीलीसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता. आता माझी पोर होडीमागे लपणार.

कीलीने मान वर केली. तिचा आवाज मोठा होता, सज्ज्यापर्यंत जाईल इतका. "मी बालीला गेले नाही. जाणारही नव्हते. मी खोटं सांगितलं. आम्ही दर सुट्टीला इथेच येतो. माझी आईपण इथेच यायची आणि पॉपपण. तुला हसायचं असेल तर हस."

टारिन हसली नाही. ती टबात बघत होती. "हे जिवंत आहेत?"

"मग काय."

"आमचा तलाव बंद आहे बुधवारपासून. पंप बिघडलाय. तीन दिवस मी नुसती फोन बघतेय." मग दाताळ्याकडे बोट करून, "ते कसं ओढायचं?"

कीलीने तिला दाताळं दिलं. दिलं म्हणजे लगेच नाही दिलं. आधी तिच्याकडे नीट बघितलं, जोखून, आणि मग दिलं. "हळू ओढ. आणि अंडीवाली असेल तर सोडायची. नाहीतर पॉप तुलाच सोडून देईल."

पुढचा तासभर त्या सगळ्या पोरांनी आमची चार दाताळी पाळीपाळीने ओढली. हॅस्केट बराच वेळ तिथे उभा होता, हातात ओला कागद घेऊन. मग निघून गेला.

परत निघायची वेळ झाली तेव्हा भरती चढायला लागली होती. दोन किलोमीटर उलटं जायचं, पाणी गुडघ्यावर. मी वरवर हसत होते, आतून जरा घाबरले होते. तेवढ्यात जोडी खाली आली, टारिनची आई. "वेड लागलंय का? डॅडना घेऊन या पाण्यातून जाणार? वरून चल. माझी गाडी आहे, तुझ्या गाडीपर्यंत सोडते."

"गेट आहे वर."

"असू दे की."

होडी पुळणीवर वर ओढून ठेवली आणि डॅडला दोन्ही बाजूंनी धरून शिंपल्यांच्या रस्त्याने वर आलो. गेटपाशी हॅस्केटची छोटी गाडी आडवी उभी होती. तो म्हणाला, "आकडे फक्त पाहुण्यांना..."

"गेट पाहुण्यांसाठीच आहे ना?" जोडीने आकडे दाबले आणि पल्ला पाठीने ढकलून धरला. "मी तुमची पाहुणी. ही माझी पाहुणी. हा तिचा बाप. आणि उद्याही येणार आहेत ते, याच रस्त्याने. तलाव सुरू झाला का, ते सांगा आधी."

हॅस्केटने आपली गाडी बाजूला घेतली. डॅड लंगडत गेटमधून बाहेर आला आणि जाताना त्याने टोपी उचलून हॅस्केटला सलाम केला. कुचकटपणे, हे सांगायला नकोच.

शनिवारी आम्ही गेटमधूनच गेलो. रविवारीही. आमच्यामागे गावातल्या आणखी चार गाड्या होत्या, कारण ग्लेनिसने कोणाला काही सांगितलं नसलं तरी तिच्या बहिणीने सगळ्यांना सांगितलं होतं. रविवारी दुपारी जोडीचं कुटुंब सामान बांधून घरी गेलं. दुसऱ्या दिवशी माझी रजा संपली आणि कुलपाचे आकडे बदलले.

मे महिन्यात मला कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. जाड कागद, माझं नाव बरोबर, पत्ता बरोबर, आणि 'अतिक्रमण' हा शब्द चारदा. मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोनदा वाचलं. घर भाड्याचं, नोकरी साधी. वकिलाशी लढणारी माणसं वेगळी असतात असंच मला वाटत आलेलं. कीलीने ते माझ्या हातातून घेऊन वाचलं. मग एक वही आणली.

"काय करतेस?"

"उत्तर लिहितेय. पॉपला विचार, शिंपले कोणत्या वर्षी टाकले."

उत्तर गेलं. ग्लेनिसच्या सहा-आठ आठवड्यांचे सतरा आठवडे झाले, समितीच्या दोन सभा झाल्या, आणि ऑगस्टच्या शेवटी नगरपरिषदेच्या माणसांनी येऊन गेट काढलं. पाटी अजून आहे. तिच्याखाली दुसरी छोटी लावलीये, 'सार्वजनिक रस्ता'. बाणासकट.

पण ऑगस्टच्या आधी जुलै आला. आमच्याकडे जुलैत हिवाळा असतो, त्याची सुट्टी. गेट बंद, पत्रं चालूच. जुलैत खेकडे खोल पाण्यात निघून जातात. वारा दक्षिणेकडून येतो आणि कपड्यांतून आरपार जातो. कॉकल पॉइंटला तेव्हा जाण्यासारखं काही म्हणजे काहीच नसतं. ग्लेनिस म्हणाली होती, वापरात आहे असं दिसलं पाहिजे, लोकांनी सोडून दिलं असं म्हणायला त्यांना जागा नको. तिने तेवढं सांगितलं नसतं तरी आम्ही गेलो असतो.

माझ्या सुट्टीच्या चारही दिवशी गेलो. गमबूट घालून, खाजणातून, डॅड होडीत दोन घोंगड्यांत गुंडाळलेला, मांडीवर थर्मास. कीली दोरीला. दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गातल्या दोघी आल्या, तिसऱ्या दिवशी टारिन आणि जोडी, स्वतःचे गमबूट घेऊन. पुळणीवर बसून आम्ही सूप प्यायलो. सगळ्यांची नाकं गळत होती. पोरांनी शेवाळ्याचा ढीग केला आणि त्यात एकमेकींना पुरलं.

चौथ्या दिवशी हॅस्केट खाली आला. खोल्या सगळ्या रिकाम्या होत्या, तो एकटाच होता त्या जागेवर. जाकिटाची कॉलर वर केलेली. त्याने बॉनीला विचारलं, कारण ती सगळ्यांत जवळ होती, "अगं, इथे या थंडीत तुम्हाला मिळतं तरी काय?"

बॉनीने विचार केला. "काही नाही," ती म्हणाली, आणि परत खणायला लागली.

डॅडने थर्मासच्या झाकणात सूप ओतलं आणि त्याच्यापुढे धरलं. हॅस्केटने ते घेतलं, आणि उभ्यानेच प्यायला.